“निनाद कोण?” विचारणारा कॉम्प्युटर

रविवारी दुपारी ओटा आवरून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर आतून चिरंजीवांचा रडवेला आवाज. “आई, हा म्हणतो निनाद म्हणून कोणी नाहीच!” शाळेतला पायथनचा चार ओळींचा धडा. कॉम्प्युटरने नाव विचारायचं, मुलाने टाइप करायचं आणि पडद्यावर ‘नमस्कार’ उमटायचा. इथे नाव लिहिलं की चूक! आणि सोमवारी बाईंना दाखवायचं होतं.

आमचा कॉम्प्युटर जुना, विंडोज ७ चा. जानेवारी २०२० मध्ये त्याच्या सुधारणा बंद झाल्या, म्हणून त्याला इंटरनेट जोडत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर न पाहताच म्हणाला, “ताई, फॉरमॅट मारावा लागेल.” म्हणजे सगळं पुसायचं! मामंजींचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यातच आहेत. मी धाकट्या दिरांना फोन लावला.

“वहिनी, माझं जुनं २.७ अजून आहे का त्यात?” भावजींनी पहिलाच प्रश्न केला. होतं! निनादसाठी ३.८ बसवलं होतं, पण शिकताना भावजींनी बसवलेलं २.७ कुणी काढलंच नव्हतं. ३.८ नाव हे नाव म्हणून घेतं. २.७ मात्र त्या शब्दाचा अर्थ लावू पाहतं आणि ‘असं काही ठाऊक नाही’ म्हणून मोकळं होतं. नुसतं ‘पायथन’ लिहिलं की दोघांतलं कोण धावून येतं, एवढंच पाहायचं होतं.

कॉम्प्युटरकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. त्या क्रमाने तो शोधत जातो आणि पहिलं सापडेल ते चालवतो. फडताळात पोह्यांचे दोन डबे असले की हाताला पुढचाच लागतो, मागचे ताजे तसेच राहतात, तसं.

कोणता डबा पुढे आहे ते सांगायला ‘व्हेअर’ ही आज्ञा आहे. पण तिनेच मला तासभर फिरवलं. मी ती निळ्या खिडकीत, म्हणजे पॉवरशेलमध्ये लिहिली. तिथे त्याच शब्दाचा अर्थ वेगळा, त्यामुळे लाल अक्षरांत भलतीच तक्रार आली. मला वाटलं पायथनच नाही, म्हणून ३.८ पुन्हा बसवलं! निळ्या खिडकीत ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहावं लागतं. काळ्या खिडकीत, कमांड प्रॉम्प्टमध्ये, नुसतं व्हेअर चालतं. तरी तिथेही ‘डीआयआर’ शोधायला सांगा, सापडत नाही म्हणेल, कारण ती आज्ञा खिडकीच्या पोटातच असते, तिची वेगळी फाइल नसते. तेव्हा ‘सापडत नाही’ला फार घाबरू नका.

काळ्या खिडकीत दोन ओळी आल्या. वर २.७, खाली ३.८. भावजींचं सगळ्या कॉम्प्युटरच्या यादीत होतं, निनादचं फक्त आमच्या खात्याच्या यादीत, आणि विंडोज आधी पहिली यादी वाचतो. पुन्हा बसवून काय उपयोग होणार होता!

मग ‘कॉम्प्युटर’वर उजवं बटण, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. खालच्या चौकटीतली पाथची ओळ आधी नोटपॅडमध्ये उतरवून ठेवली. मग तिच्यातला २.७ चा तेवढा तुकडा अर्धविरामापर्यंत खोडला. खिडकी इवलीशी, डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. ‘सेटएक्स’ आज्ञेने झटपट करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. यादी १०२४ अक्षरांहून लांब असली तर ती पुढचं कापून टाकते.

एवढं करूनही चूक तीच! मी हिरमुसले. भावजी हसून म्हणाले, “वहिनी, काळी खिडकी बंद करून नवी उघडा. उघडी असलेली जुनीच यादी धरून बसते.” नवी उघडली, व्हेअर विचारलं, ३.८ एकटंच.

निनादने पहिलं नाव आजीला टाइप करायला लावलं.