डिस्कच्या पोटातला एकुलता हात

रात्रीचे साडेअकरा. घर झोपलेलं. जुन्या एक्सटर्नल हार्ड डिस्कमधला दहा वर्षांचा ऐवज मी नव्या लॅपटॉपवर उतरवून घेत होतो. आधी लग्नाचं सगळं कच्चं चित्रीकरण कॉपीला लावलं. ते होतंय तोवर फोटोही होऊन जातील, म्हणून तेही लावले. शेवटी आजीच्या ओव्या, वीसेक कॅसेटींवरून कधीकाळी डिजिटल करून घेतलेल्या. पडद्यावर तीन कामं एकदम सरकू लागली आणि मला वाटलं, चला, तासाभरात मोकळे.

झालं उलटंच. उरलेला वेळ कमी होण्याऐवजी वाढत गेला, आणि डिस्कमधून एक बारीक, अस्वस्थ खडखड येऊ लागली. मी तिच्यावर कान टेकवला. मग सहज म्हणून तीनपैकी दोन कामांना पॉजचं बटण दाबलं. खडखड एकदम शमली, मागे फक्त एक सलग घरघर उरली. उरलेल्या एका कामाचा वेग मात्र तिघांच्या मिळून होता त्याहून कितीतरी जास्त झाला. कामं कमी केली आणि काम वाढलं! ते कसं, हे शोधताना जे हाती लागलं, त्यानं मी अजून भारावलेलो आहे.

त्या छोट्या पेटीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. पोर्टेबल डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला 90. तबकडीची कडा तेव्हा ताशी साठ-पासष्ट किलोमीटरनं धावत असते, सपाट रस्त्यावरच्या एसटीसारखी. तिच्यावरून वाचणारं टोक, ज्याला हेड म्हणतात, पृष्ठभागाला न टेकता अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. ही सगळी हेड्स एकाच हाताला जोडलेली असतात. तबकड्या दोन असोत की चार, हात एकच, आणि तो हलला की सगळी हेड्स एकदम हलतात. खडखड होती ती याच हाताची.

आता हिशेब मांडून पाहू. हाताला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला सरासरी अकरा-बारा मिलिसेकंद लागतात. तिथं पोचल्यावर हवा तो मजकूर फिरत फिरत हेडखाली यावा लागतो, त्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. एकूण सतरा. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, तेव्हा सतरा मिलिसेकंदांचं काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण हात एका जागी स्थिर असेल, तर ही डिस्क सेकंदाला सुमारे 120 एमबी वाचते. हाताच्या एका येरझारीत जवळजवळ दोन एमबी वाचून झाले असते.

तीन कॉप्या एकदम सुरू असल्या की हात थोडं व्हिडिओचं वाचतो, फोटोंकडे धावतो, तिथून ओव्यांकडे, पुन्हा व्हिडिओकडे. दर खेपेला एक एमबी उचलला असं धरलं, तर आठ मिलिसेकंद काम आणि सतरा मिलिसेकंद धावपळ. वेग 120 वरून 40 वर. दर खेपेला फक्त 64 केबी उचलले, तर अर्धा मिलिसेकंद काम आणि सतरा मिलिसेकंद प्रवास. वेग चारच्याही खाली! संगणक शक्य तेव्हा पुढचा मजकूर आधीच मोठ्या घासांनी वाचून ठेवतो, म्हणून प्रत्यक्षात इतकी वाईट वेळ सहसा येत नाही. पण दुखणं हेच. पडद्यावर तिघंही सरकताना दिसतात, आणि आत बहुतेक वेळ नुसत्या येण्याजाण्यात जातो.

हे दुखणं डिस्कइतकंच जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूनं घडवलेली पहिली व्यापारी हार्ड डिस्क 1956 साली बाजारात आली. रामॅक या संगणकाचा ती भाग होती. कपाटाएवढं धूड, आत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, आणि एवढं सगळं करून त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आजच्या फोनवरचा एक बरा फोटो त्यात बसला नसता. वाचणारा हात त्या उतरंडीशेजारून अक्षरशः वर-खाली जायचा, हव्या त्या तबकडीशी थांबायचा आणि आत शिरायचा. एकेका मजकुरापर्यंत पोचायला सरासरी 600 मिलिसेकंद, अर्ध्या सेकंदाहून जास्त.

वर-खाली जाऊन मजल्यामजल्यावर थांबणारी वस्तू म्हटलं की लिफ्ट आठवते. डिस्कवरच्या मागण्यांना क्रम लावण्याच्या एका नावाजलेल्या पद्धतीला खरोखरच लिफ्टची पद्धत म्हणतात. लिफ्ट आठव्या मजल्यावरून हाक आली म्हणून आठव्यावर, मग दुसऱ्यावरून आली म्हणून दुसऱ्यावर, पुन्हा सातव्यावर अशी धावत नाही. वर जाताना वाटेतले सगळे घेते, खाली येताना खालचे घेते. डिस्कचा हातही तसाच चालवायचा. मागण्या आल्या त्या क्रमानं न पुरवता वाटेत लागतील तशा पुरवायच्या. पुढे ही समज डिस्कच्या अंगातच उतरली. साटा जोडणीची डिस्क 32 मागण्या एकदम हाती घेऊन त्यांचा क्रम स्वतः लावू शकते.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र 2001 सालची आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांना एक विचित्र गोष्ट दिसली. एखादा प्रोग्राम डिस्ककडून एक तुकडा मागतो, तो मिळाल्यावर त्यावर क्षणभर काही करतो आणि मग लगेच त्याच्या शेजारचाच तुकडा मागतो. या मधल्या क्षणात डिस्कसमोर त्या प्रोग्रामची एकही मागणी नसते. कामसू ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं, याचं झालं, आता रिकामं कशाला बसायचं? ती हाताला दुसऱ्या प्रोग्रामच्या कामाला लांब धाडते. हात तिकडे निघतो न निघतो तोच पहिला म्हणतो, पुढचा तुकडा द्या. हा रिकामेपणा फसवा असतो, आणि त्या दोघांनी त्याला नावही तेच दिलं.

त्यांचा उपाय एका ओळीत सांगता येतो. एक तुकडा दिला की हाताला लगेच हलवू नका, काही मिलिसेकंद तिथंच थांबा, तो परत येण्याची शक्यता मोठी आहे. काहीही न करता थांबायचं, आणि त्या थांबण्यातून वेग मिळवायचा! डिस्कवर भार टाकणाऱ्या एका चाचणीत अपाची हा वेब सर्व्हर या एका बदलामुळे 29 ते 71 टक्के जास्त काम उरकू लागला. लिनक्सच्या 2.6 या आवृत्तीत ही पद्धत आली. पुढे तिची जागा दुसरीनं घेतली, पण वाट पाहण्याची युक्ती त्या दुसरीतही राहिली. माजघरात वाढणारी बाई एकाच्या पानात पोळी टाकून तिथंच घटकाभर रेंगाळते, कारण तो लगेच भाजी मागणार हे तिला ठाऊक असतं. ते शहाणपण या दोघांनी यंत्राला शिकवलं.

पण थांबणार तरी किती? तीन मोठी कामं तासभर भांडत असतील, तर खरा उपाय आपल्याच हाती असतो, तो म्हणजे रांग. एक संपलं की दुसरं. विंडोजनं 2012 साली आठव्या आवृत्तीत सगळ्या कॉप्या एका खिडकीत आणल्या आणि प्रत्येकीला पॉजचं बटण दिलं. त्या बटणानं हातानं रांग लावता येते. टेराकॉपीसारखे प्रोग्राम आणि लिनक्स मिंटमधला निमो हा फाइल मॅनेजर ती आपोआप लावतात.

रांगेत पहिलं कोण, यालाही उत्तर आहे, आणि तेही 1956 चंच. त्या वर्षी डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी कारखान्यातल्या यंत्रापुढच्या कामांचा विचार करून सिद्ध केलं, की सगळ्यात छोटं काम आधी घेतलं तर कामं पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ सगळ्यात कमी येतो. माझ्या तीन कामांना हे लावून पाहिलं. एकेकटी केली तर ओव्यांना 2 मिनिटं, फोटोंना 10, व्हिडिओला 30. व्हिडिओ आधी घेतला तर कामं संपतात 30, 40 आणि 42 व्या मिनिटाला. तिघांना एकदम चालवलं आणि हाताची धावपळ शून्य धरली, तरी ती संपतात 6, 22 आणि 42 ला. छोटं आधी घेतलं तर 2, 12 आणि 42. एकदम चालवण्याच्या तुलनेत व्हिडिओ जेवढ्यास तेवढा, 42 लाच. त्याचं एका मिनिटाचंही नुकसान न होता बाकी दोघांचं भलं झालं.

आता ज्यांच्याकडे एसएसडी आहे, त्यांच्यासाठी हे गणित बदलतं. तिच्यात तबकडी नाही आणि हातही नाही. 1984 साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी जगापुढे मांडलेल्या फ्लॅश मेमरीच्या चिपा तिच्यात शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, आणि त्या एकाच वेळी कामाला लावता येतात. एका वेळी एकच मागणी आली तर बाकीच्या चिपा बसून राहतात, म्हणजे इथं गर्दी हवीच असते. या डिस्कांसाठी 2011 मध्ये आलेल्या एनव्हीएमई या मानकात पासष्ट हजारांवर रांगा आणि प्रत्येक रांगेत पासष्ट हजारांच्या आसपास मागण्या यांची सोय आहे. एका हाताला पुरवता पुरवता शिकलेली काटकसर इथं फारशी लागत नाही. म्हणून ‘एकदम की एकेक?’ या प्रश्नाचं उत्तर वायरच्या दुसऱ्या टोकाला काय आहे यावर ठरतं. दोन वेगळ्या डिस्कांवरून दोन कामं खुशाल एकदम चालवा. एकाच फिरत्या डिस्कवर रांग लावा, आणि साध्या पेन ड्राइव्हवर लिहितानाही रांगच बरी.

पेन ड्राइव्हबद्दल आणखी एक. कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं, तरी संगणकानं तो मजकूर कधीकधी फक्त स्वतःच्या मेमरीत घेतलेला असतो आणि तो सावकाश पुढे सरकवत असतो. ‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे हातातलं सगळं खाली ठेवून झालं का, असं त्याला विचारणं. तो हो म्हणाल्याशिवाय पेन ड्राइव्ह उपटू नये. फिरत्या डिस्कवर हजारो बारक्या फाइलींना एका मोठ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ का लागतो, तेही आता लक्षात येईल. प्रत्येक फाइलीची डिस्कच्या वहीत वेगळी नोंद असते, आणि त्या प्रत्येक नोंदीसाठी हाताला फेरी पडते.

त्या रात्री यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं. पण खडखड थांबलेली ऐकली होती. म्हणून तिन्ही कामं रद्द केली आणि छोट्यापासून एकेक लावली. दोन मिनिटांत ओव्या लॅपटॉपवर आल्या. फोटोंचं काम सुरू केलं, हेडफोन कानाला लावला आणि पहिली कॅसेट उघडली. मी ऐकत होतो ती लॅपटॉपवर उतरलेली प्रत, त्यामुळे डिस्कमधल्या हाताला माझा काहीच उपद्रव नव्हता. जात्याच्या घरघरीवर आजीचा आवाज चढत होता, आणि तळहाताखाली डिस्कची घरघर तशीच संथ, सलग चालली होती.