पट्ट्याची परीक्षा

बी. ए. होऊन मला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर परीक्षेशी संबंध उरला तो दुसऱ्यांचे पेपर तपासण्यापुरता. पण गेल्या महिन्यात मी स्वतः परीक्षेला बसले. बसले कसली, चांगली पाय रोवून उभी राहिले. कराटेच्या! हसा खुशाल. आमच्याकडेही सगळे हसलेच.

लेकीला क्लासला सोडून तासभर कट्ट्यावर बसण्यापेक्षा आपणच शिकावं, असं मनात आलं. क्लास शोतोकान पद्धतीचा. तिचे जनक फुनाकोशी गिचिन हे ओकिनावातल्या शाळेत शिक्षक होते. १९२२ साली ते तोक्योला कराटे दाखवायला गेले आणि तिथेच शिकवत राहिले. मास्तरांची विद्या म्हटल्यावर मला जरा धीर आला!

पहिल्या परीक्षेत मारामारी नसते हो. आधी ठोसे, ब्लॉक, लाथा. मग ‘काता’, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. शेवटी जोडीदाराबरोबर, तेही आकडे मोजून. आमचा काता ‘हेआन शोदान’. हालचाली एकवीस, पोटातून आरोळी दोनदा, आणि जिथून सुरुवात तिथेच शेवट. परीक्षक नुसता जोर बघत नाहीत. पुढचा गुडघा वाकलाय का, मागची टाच उचलत तर नाही, ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी येते का, हे बघतात. ती दुसरी मूठच नेमकी विसरते!

खरी अडचण वेगळीच. अंगावर दागिना चालत नाही, कुणाला लागू नये म्हणून. नियम रास्तच. बांगड्या निघाल्या, पण मंगळसूत्र? सरावाला मी ते कपड्याच्या आत दडवत होते, खोटं कशाला बोलू! परीक्षेच्या आधी सरांनी बजावलं, तेव्हा सासूबाईंपुढे उभी राहिले. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “दे इकडे. देवापाशी ठेवते. आल्याबरोबर घाल.”

रांगेत माझ्या डावीकडे माझाच सातवीतला विद्यार्थी. तिसऱ्या ब्लॉकला आरोळी ठोकायची, तर आवाज घशातच अडकला. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी! त्या गोंधळात वळले तीही उलटी. समोर त्या मुलाचा चेहरा.

“बाई, डावीकडून,” तो ओठ न हलवता पुटपुटला.

दुसरी आरोळी मात्र अशी निघाली, की परीक्षकांनी मान वर केली.

त्याला पिवळा पट्टा मिळाला. मला काता तीन महिन्यांनी पुन्हा द्यायचाय. तुम्ही जाणार असाल तर नखं आदल्या दिवशीच कापा आणि दोन तास आधी पोटभर जेवू नका. मी साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले होते.

घरी येऊन निकाल सांगितला. सासूबाईंनी मंगळसूत्र हातात ठेवलं नि म्हणाल्या, “पुढच्या वेळी रात्रीच काढून ठेव. सकाळच्या घाईत तो फासा निघत नाही.”