अनाहूत वाटाड्या

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरलेला परका मनुष्य चहाच्या टपरीवर बसलेल्या कोणास तरी वाट विचारतो, आणि बहुधा त्यास खरी वाट मिळते. येथे वाटसरू वाटाड्याची निवड करतो. परदेशातील फसवणुकीत नेमके उलट घडते. तेथे वाटाड्याच वाटसरूस हेरतो.

बँकॉकचेच पाहावे. ग्रँड पॅलेस या राजवाड्याबाहेर एक सभ्य गृहस्थ भेटतो, 'राजवाडा आज बंद आहे' असे हळहळून सांगतो व एका टुकटुकवाल्याशी अगदी स्वस्तात फेरी ठरवून देतो. एकदोन देवळे झाली की गाडी थांबते ती रत्नांच्या दुकानापाशी. तेथील नीलम हलक्या प्रतीचे, किंमत मात्र अनेक पट. शिवाय ते मायदेशी दामदुपटीने विकले जातील, हे आमिष. राजवाडा बहुधा उघडाच असतो! तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाऊन विचारले असते, तर नाटक तेथेच संपले असते. परंतु सभ्य माणसाचे बोलणे तोडणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानतात, आणि ठकाचे भांडवल तेच.

पॅरिसला मोंमार्त्रच्या पायऱ्यांपाशी बोलता बोलता मनगटास दोरा बांधून पैसे मागतात. तेथे हात खिशात घालून चालते व्हावे. दुकानातील कार्डाचे यंत्रही कधी आपण होऊन 'रुपयांत की युरोत?' असे विचारते. उत्तर युरो द्यावे. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. हा व्यवहार कायदेशीर आहे, एवढाच काय तो फरक.

फसगत झाल्यावर लाजेने गप्प बसू नये. थायलंडात पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, युरोपीय संघात तातडीचा ११२. पासपोर्ट गेल्यास आधी पोलिसांत नोंद करावी, मग भारतीय वकिलात गाठावी. तेथे परतीच्या प्रवासापुरता आणीबाणीचा दाखला मिळतो.