सोल्डरिंगच्या आधीचे काम

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांपुढे जी नवशिकी हौशी मंडळी ताटकळत असतात, त्यांना भाग पदरात पाडून घेण्याची जेवढी उत्कंठा असते, तिच्या चतुर्थांशानेही ते कशाने आणि कोणत्या क्रमाने जोडावयाचे याचा विचार त्यांनी केलेला नसतो. घरगुती रचना फसते ती विद्युत्शास्त्राच्या अज्ञानामुळे क्वचितच. बहुधा ती पूर्वतयारीच्या अभावी फसते.

उदाहरणादाखल, १९७२ साली बाजारात आलेल्या आणि आजही कोणत्याही दुकानात सहज मिळणाऱ्या ५५५ या टायमर आयसीवर चालणारा, सेकंदाला सुमारे एकदा लुकलुकणारा दिवा घेऊ. त्याला लागणारे जिन्नस अगदी थोडे : १० हजार, ६८ हजार आणि ४७० ओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी आणि हे सारे बसविण्यासाठी झीरो पीसीबीचा लहानसा तुकडा. आयसी थेट न जोडता तिच्यासाठी आठ पायांचे सॉकेट घ्यावे. आयसी जळाल्यास ती बदलण्याची तजवीज त्यामुळे आधीच होऊन राहते.

हत्यारांचा सरंजाम मोठा लागत नाही. पंचवीस वॅटचे, बारीक टोकाच्या बिटाचे सोल्डरिंग आयर्न, ते ठेवावयाचा स्टँड, नोज प्लायर, कटर, चिमटा, चुकलेला जोड सोडविण्यासाठी डिसोल्डरिंग पंप आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्यावर काम भागते. काटकसर करावयाचीच तर ती प्लायर-चिमट्यांत करावी, मल्टिमीटरमध्ये मात्र करू नये, कारण खोटे आकडे दाखविणारा मीटर हा मीटर नसण्यापेक्षा घातक होय. सोल्डर वायर पोटात राळेचा फ्लक्स असलेलीच मागावी. पत्र्याच्या कामासाठी विकला जाणारा आम्लयुक्त फ्लक्स पीसीबीवर वापरल्यास तांब्याच्या पट्ट्या कालांतराने खाऊन टाकतो. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असलेली तार १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते व १९० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते, म्हणून नवशिक्याला ती सोयीची. मात्र तीत शिसे असल्याने काम चालू असता काही खाऊ नये, उठल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकीपाशी बसावे.

आता जी तयारी बहुतेक जण टाळतात तिच्याकडे वळू. प्रत्येक रेझिस्टर बसविण्यापूर्वी मीटरने मोजावा. निळा, राखाडी, नारिंगी आणि सोनेरी असे पट्टे असलेला ६८ हजारांचा रेझिस्टर, पाच टक्क्यांची सूट धरता, ६४,६०० ते ७१,४०० ओहमच्या दरम्यान भरला तरच तो रुजू करून घ्यावा. कपॅसिटरच्या अंगावरील पट्टा ऋण पायाकडे असतो, नव्या एलईडीचा लांब पाय धन असतो, आणि आयसीवरील खाच वर धरली म्हणजे डावीकडचा वरचा पाय पहिला ठरून पुढील मोजणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. या तीन गोष्टी कागदावरील आकृतीत आधीच खुणेने दाखविल्या असल्या, तर पुढे तासभर डोके धरून बसण्याची पाळी येत नाही.

आयर्न तापले की बिट ओल्या, पिळलेल्या स्पंजवर पुसून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा. काळवंडलेला बिट तापलेला असला तरी उष्णता पुढे देत नाही. मग बिट एकाच वेळी तांब्याच्या कडीला आणि भागाच्या पायाला टेकवून, क्षणभराने तार बिटाला न लावता जोडाला लावावी. दोन-तीन सेकंदांत सोल्डर पसरते आणि पायाभोवती चकचकीत, किंचित अंतर्वक्र उतार तयार होतो. निस्तेज, गोळ्यासारखा दिसणारा जोड कच्चा समजावा व पुन्हा तापवावा. आधी सॉकेट व रेझिस्टर, मग कपॅसिटर आणि शेवटी एलईडी, असा ठेंगण्यांपासून उंचांकडे क्रम ठेवला म्हणजे पीसीबी उलटी केली असता भाग निसटत नाहीत.

सारे जोड झाल्यावर, बॅटरी लावण्यापूर्वी आणि सॉकेट रिकामे असतानाच, बॅटरीच्या दोन तारांमध्ये शॉर्ट नाही याची मीटरने खातरजमा करावी आणि मगच आयसी बसवावी. दिवा लागला नाही तर आयर्न उचलण्याची घाई न करता प्रथम आयसीची खाच, मग एलईडीची दिशा, मग जोड तपासावेत. दोष बहुधा याच क्रमाने सापडतो. आणि अशा बॅटरीवरच्या रचना दहा-पाच वेळा निर्दोष साधल्या तरी, घरातील २३० व्होल्टच्या विजेवर थेट चालणारी रचना मात्र जाणकार माणूस शेजारी बसल्याखेरीज कोणीही हाती घेऊ नये.