रंग कुठे देऊ नये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाशेजारी जी पत्र्याची पेटी असते तिला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो. खरं म्हणजे सीपीयू ही आतली, तळहातावर मावणारी चिप. पेटीचं नाव कॅबिनेट. आमच्या घरी असंच एक जुनं कॅबिनेट होतं. पुढचा प्लॅस्टिकचा भाग पिवळा पडलेला, पत्र्याला तळाशी गंज. पण आतलं सगळं ठणठणीत. पुतण्या म्हणाला, "काका, नवीन कशाला घ्यायचं? स्प्रेचे दोन डबे आणू आणि हेच काळंभोर करू." मलाही ते पटलं.

असं काम ज्यांना करायचं असेल त्यांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. रंग मारायला अर्धा तास लागतो. तयारीला दोन दिवस. आधी हार्ड डिस्कवरच्या कामाच्या फायलींची दुसरीकडे प्रत करून ठेवा. मग पिन काढून पेटी पूर्ण रिकामी करा. नुसता पत्रा उरला पाहिजे. साबणाच्या पाण्याने हाताचा तेलकटपणा धुऊन काढा. गंज खरवडा, खड्डे लांबी भरून सपाट करा आणि 400 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवा. पृष्ठभाग चकचकीत राहिला तर रंग धरत नाही. मग अस्तर, म्हणजे प्रायमर. प्लॅस्टिकसाठी त्याचं वेगळं प्रायमर मिळतं, तेच वापरा. प्लॅस्टिक थिनरने पुसू नका. ते विरघळून चिकट होतं.

डबा चांगला हलवून पत्र्यापासून साधारण वीतभर किंवा थोडा जास्त दूर धरा. फवारा पत्र्याच्या कडेबाहेर सुरू करायचा आणि दुसऱ्या कडेबाहेर थांबवायचा. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो. तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून कोरडा दिवस निवडा. आणि हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा, नाकाला मास्क लावून. फवाऱ्यातला वायू आणि थिनर दोन्ही पेट घेतात. जवळ शेगडी, उदबत्ती, देवापुढची समई काही नको.

आता आतल्या भागांकडे येऊ. पोरांना आतही रंग हवा असतो, आणि चुका इथेच होतात. चिपवर ॲल्युमिनियमचा पंखदार तुकडा बसवलेला असतो. त्याचं काम चिपची उष्णता ओढून हवेत सोडणं. रंगातून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने हजारपटीने कमी वाहते. चिपला टेकणाऱ्या बाजूवर रंगाचा ठिपकाही नको, आणि पंखांमधल्या फटी रंगाने बुजता कामा नयेत. पंख्याच्या पात्यांवर रंग कमीजास्त बसला तर तोल जातो आणि पंखा घरघरतो. हार्ड डिस्कवर बहुधा एक बारीक भोक असतं, आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. ते कधीच झाकायचं नाही. मदरबोर्ड आणि कार्डं तर रंगवूच नयेत. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

पेटीतल्याही काही जागा कोऱ्या ठेवायच्या असतात : मदरबोर्डच्या स्क्रूंच्या जागा, पॉवर सप्लाय टेकतो ती मागची चौकट, झाकणाच्या आतल्या कडा. तिथे रंगाआधी मास्किंग टेप लावावी. कारण रंग वीजरोधक असतो. पत्र्याला पत्रा टेकलेला असला की पेटीतल्या विद्युत लहरी आतच राहतात. नाहीतर शेजारच्या रेडिओत खरखर येऊ शकते. शिवाय पेटीचं अर्थिंगही याच जागांमधून जातं.

या अर्थिंगनेच मला धडा शिकवला. रंगवण्याआधी अनवाणी पायाने त्या पेटीला हात लागला की झिणझिण्या येत. रंग वाळून सगळं जोडल्यावर त्या थांबल्या. रंगाने दोष गेला म्हणून मी खूष! आठवड्याने पुतण्या मागच्या बाजूला प्रिंटरची वायर लावत होता. त्याचं बोट एका उघड्या स्क्रूला लागलं आणि तो दचकून मागे सरला.

वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात धरली. दिवा लागला नाही. त्या भोकामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती! पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून अगदी थोडी वीज पेटीच्या पत्र्यावर येत असते आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. ती वाट नसली की आपल्या अंगातून जाते. ती इतकी थोडी असते की नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आतल्या फेजच्या वायरचं आवरण फाटून ती पत्र्याला लागली, तर पूर्ण 230 व्होल्ट पेटीवर येतात, आणि अर्थिंग नसल्यामुळे फ्यूजही उडत नाही. त्या झिणझिण्या हेच सांगत होत्या. मी त्यांच्यावर रंग फासला होता.

वायरमनने त्याच दिवशी तार जोडून दिली. आम्हीही पेटी पुन्हा उघडली आणि पॉवर सप्लायच्या चौकटीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. पेटी आजही काळीभोर दिसते. तुम्हीही तुमची हौसेने रंगवा. फक्त डबा हातात घेण्याआधी एकदा वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.