घाटावर जुळवलेला कार्बोरेटर किनाऱ्यावर दगा का देतो?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, तर गोव्याची किनारपट्टी जवळजवळ समुद्रसपाटीलाच. बेळगावात उत्तम चालणारी टू-स्ट्रोक ऑफ-रोड मोटारसायकल टेम्पोतून चोर्ला घाट उतरवून तशीच मातीच्या ट्रॅकवर पिटाळली, तर तिचे इंजिन जाम होण्याचा धोका असतो. दोष गाडीचा नसतो. बदललेली असते ती हवा.

खाली हवा दाट असल्याने सिलिंडरमध्ये अधिक प्राणवायू शिरतो. जेटच्या छिद्रातून येणारे पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही आणि मिश्रण विरळ होते. या गाड्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते, शिवाय उष्णता वाढते. पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरला घट्ट बसतो, मागचे चाक अडकते आणि स्वार फेकला जातो. अशा वेळी तेल वाढवणे हा उपाय नव्हे. ४०:१ या प्रमाणात एका लिटर पेट्रोलला २५ मिलिलिटर तेल लागते. ते वाढवले, तर त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल घटते आणि मिश्रण आणखी विरळ होते.

जुळणीपूर्वी एअर फिल्टर स्वच्छ करावा, ताजे इंधन भरावे, नवा प्लग बसवावा आणि इंजिन पुरेसे तापू द्यावे. कार्बोरेटरच्या रबरी जोडातून हवा गळत असेल, तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते.

अ‍ॅक्सिलरेटर किती उघडा आहे, यावर कोणत्या भागाचा अंमल चालतो हे ठरते. सुरुवातीच्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट व एअर स्क्रू, पाव ते पाऊण उघडेपर्यंत प्रामुख्याने सुई, त्यापुढे मेन जेट. एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण दाट होते, बाहेर काढला की विरळ. पूर्ण बंद स्थितीपासून एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान इंजिन सर्वांत सुरळीत चालावे. एक फेरीही सोडवावी लागत नसेल, तर पायलट जेट लहान आहे; अडीचहून अधिक लागत असतील, तर मोठा. सुईवरची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होते.

मेन जेटची परीक्षा प्लग देतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर थोडे अंतर धावून, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी थांबल्यावर प्लग काढून पाहावा. कॉफीसारखा तपकिरी रंग योग्य. काळा व ओला प्लग दाट मिश्रणाची खूण. पांढरा दिसला, तर पुढे एक फेरीही मारू नये.

म्हणूनच ही चाचणी नेहमी मोठ्या जेटपासून सुरू करून एकेक क्रमांक खाली यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि जेटचा क्रमांक, ठिकाण व तापमान वहीत टिपून ठेवावे. घाट चढताना जुळणी चुकली, तर धूर होतो, प्लग काळवंडतो, फार तर शर्यत हातची जाते. घाट उतरताना चुकली, तर गमवावे लागते ते इंजिन आणि कदाचित स्वाराचे हाडही.