हेलिकॉप्टरचं मोठं मॉडेल: पाती का झुकतात, आणि काय करायचं

माझ्या शेजारी टेबलावर एक खोकं ठेवलंय. त्यात मॉडेल आहे, पण ते मी शेवटी उघडणार आहे. आधी त्याची गोष्ट सांगतो.

हे चिनूक हेलिकॉप्टर आहे. दोन मोठे रोटर, प्रत्येकाला तीन पाती. आपल्या हवाई दलात ते मार्च २०१९ मध्ये चंडीगडला दाखल झालं. खऱ्या चिनूकच्या एका रोटरचा व्यास १८.२९ मीटर आहे. माझं मॉडेल १:३५ प्रमाणातलं, म्हणजे रोटर साधारण ५२ सेंटिमीटर आणि एकेक पातं २६ सेंटिमीटर. संध्याकाळी वेळ काढून दोन वर्षांत ते पूर्ण केलं. हवेत उडतंय असं स्टँडवर बसवलं, काचेच्या पेटीत घातलं आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी ठेवून दिलं. उन्हाळ्याची सुट्टी गेली. जूनमध्ये शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं, तेव्हा मी मुलांना त्या मॉडेलसमोर उभं करून हेलिकॉप्टर कसं उचललं जातं ते समजावत होतो. मागे एक आजोबा उभे होते. हवाई दलात एमआय-८ हेलिकॉप्टरांच्या देखभालीवर काम करून निवृत्त झालेले. मुलं पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, हे उडतंय की उतरलंय?"

मी म्हटलं, "उडतंय की काका."

"मग पाती का झोपलीत?"

मी बघितलं. सहाच्या सहा पाती केळीच्या पानांसारखी खाली आलेली. आणि मी त्याच पात्यांकडे बोट दाखवून मुलांना सांगत होतो की ही पाती हेलिकॉप्टरला उचलून धरतात! तेव्हा आजचा पहिला मुद्दा हा, की पात्यांचा वाक ही नुसती सजावट नाही. हेलिकॉप्टर कुठल्या अवस्थेत आहे ते त्या वाकावरून कळतं. तो चुकला तर मॉडेल खोटं बोलतं.

खरी पाती कधी झुकतात?

उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची पाती झुकतातच. ती लांब असतात, बारीक असतात आणि मुद्दाम लवचीक ठेवलेली असतात. बऱ्याच हेलिकॉप्टरांत तर मुळाशी बिजागरी असते. पातं फार खाली येऊन सांगाड्यावर आपटू नये म्हणून तिथे अडथळा बसवतात, त्याला ड्रूप स्टॉप म्हणतात.

रोटर फिरायला लागला की चित्र बदलतं. चिनूकचा रोटर मिनिटाला साधारण २२५ फेरे घेतो. हिशेब केला तर पात्याच्या टोकाशी बाहेर खेचणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट येतो. म्हणजे टोकाचा एक किलोचा तुकडा अर्ध्या टनाच्या जोरानं बाहेर ओढला जातो. गोफण फिरवताना दोरी ताठ होते ना, तसंच. आणि हेलिकॉप्टरनं वजन उचललं की पाती आडव्या रेषेच्याही थोडी वर जातात, उथळ वाटीसारखा आकार होतो.

म्हणजे अवस्था तीन. उभं असेल तर पाती झुकलेली, जमिनीवर रोटर फिरत असेल तर जवळपास सरळ, आणि उडत असेल तर थोडी वर. मॉडेल मांडण्याआधी यातली एक निवडायची.

मोठंच मॉडेल का झुकतं?

अनेकजण म्हणतात, माझ्या छोट्या मॉडेलला कधी काही झालं नाही, मग मोठ्यालाच का? कारण सोपं आहे. सगळी मापं दुप्पट करा: लांबी, रुंदी, जाडी. वजन किती होईल? आठपट. पण पात्याचा ताठपणा, म्हणजे टोक खाली दाबायला किती जोर लागतो तो, फक्त दुप्पट होतो. आठपट वजन आणि दुप्पट ताठपणा, म्हणून टोक चौपट खाली येतं.

आकडे घेऊ. किटमधलं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्याची २६ सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड पट्टी एका टोकाला पक्की धरली, तर दुसरं टोक स्वतःच्या वजनानंच साधारण सहा मिलिमीटर खाली येतं. तीच पट्टी अर्ध्या मापाची केली तर दीड मिलिमीटर. दीड मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, सहा दिसतात.

पण हे झालं पहिल्या दिवसाचं. प्लॅस्टिकवर सतत वजन राहिलं की ते महिनोन् महिने हळूहळू वाकत राहतं आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. इंजिनियर याला क्रीप म्हणतात. पुस्तकांच्या वजनानं मध्यभागी पोक आलेली फळी सगळ्यांच्या घरी असते. तिच्यावरची पुस्तकं काढा, पोक तसंच राहतं. आणि उष्णता वाढली की हे सगळं भराभर होतं. बंद काचेची पेटी, पश्चिमेची खिडकी आणि मे महिना! मी पाती वाकवायचं यंत्रच तयार केलं होतं म्हणा ना.

उपाय

पहिला उपाय फुकटचा आहे, जागा बदला. थेट ऊन नको, पेटीच्या आत गरम होणारा दिवा नको.

दुसरा, आतून आधार. पात्याच्या खालच्या बाजूनं चर पाडायची, त्यात कार्बन फायबरची कांडी एपॉक्सीनं बसवायची, वरून पुट्टी आणि रंग. इथे मी दोन चुका केल्या. पहिल्यांदा एक मिलिमीटरची कांडी घातली. काही फरक पडेना. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की एवढ्या रुंद पात्यात ती कांडी ताठपणात जेमतेम आठवा हिस्सा भर घालते. कांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. एकाऐवजी दीड मिलिमीटरची घेतली की ती पाचपट कामाची होते. तशा दोन घातल्या तर अजून बरं.

दुसरी चूक म्हणजे कांडी पात्याच्या मुळापाशी थांबवली. सर्वांत जास्त ताण तर मुळाशीच असतो! मग पातं सरळ राहिलं, पण सांध्यातून लटकलं, मोडक्या छत्रीच्या काडीसारखं. कांडी पात्यातून निघून हबच्या आत गेलीच पाहिजे.

तिसरा उपाय गवंड्यांकडून शिकण्यासारखा. मोठ्या स्लॅबचं सेंटरिंग करताना मध्यभागी थोडी उचल देतात, कारण तो नंतर बसणार हे माहीत असतं. तसंच, उडणारं मॉडेल असेल तर हबवरच पाती तीन-चार अंश वर धरून चिकटवा. २६ सेंटिमीटरच्या पात्याचं टोक त्यानं पंधरा-सोळा मिलिमीटर वर जातं. पुढे थोडं खाली आलं तरी चालतं, आणि खरं हेलिकॉप्टरही तसंच दिसतं.

उभं हेलिकॉप्टर दाखवायचं असेल तर वाक मुद्दाम द्या. पातं गरम पाण्यात थोडा वेळ धरायचं, वक्र साच्यावर बसवायचं आणि लगेच गार पाण्यात घालायचं. आधी किटच्या उरलेल्या सांगाड्यावर करून बघा. सगळ्या पात्यांना एकच साचा वापरा. आधाराला कार्बन वापरू नका, ते वाकवलेलं राहत नाही. पोलादी तार आधी वाकवून घ्या आणि मग बसवा.

चौथा उपाय, पाती काढता येतील अशी करा. प्रदर्शन संपलं की काढून मुळाकडून उभी टांगा, मग वाकायचा प्रश्नच नाही. टांगता येत नसतील तर आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवा. तेवीस मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड पातं कडेवर शंभरपटीहून जास्त ताठ असतं.

उडणारी रेडिओ मॉडेल्स

रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल्सची पाती बहुतेक कार्बनची असतात. ती स्वतः फारशी वाकत नाहीत, पण हबमधले रबरी डँपर दबतात आणि पातं तिथून खाली येतं. म्हणून मांडून ठेवताना पात्यांखाली फोमचा आधार द्या, किंवा पाती काढून ठेवा. डँपर मऊ पडले असतील तर सुरू करताना पातं शेपटीच्या दांड्यावर आपटू शकतं. महिनाभर मांडून ठेवलेलं मॉडेल डँपर तपासल्याशिवाय उडवू नका. आणि लोकांसमोर ठेवताना बॅटरी काढूनच ठेवा. तिथे लहान मुलं असतात.

आता खोकं उघडतो. बघा, पाती थोडी वर आहेत. पेटीच्या तळाशी एक कागद चिकटवलाय. त्यावर सहाही टोकांची तळापासूनची उंची आणि मोजल्याची तारीख लिहिली आहे. दर महिन्याला पट्टी लावून मोजायचं आणि खाली नवी ओळ लिहायची. डोळ्याला दिसायच्या आधी वाक या कागदावर दिसतो.

दुरुस्त केल्यावर हे मॉडेल त्याच शाळेत परत ठेवलं, या वेळी खिडकीपासून लांब. पुढच्या प्रदर्शनाला ते काका पुन्हा आले होते. वाकून, एका बाजूनं, पात्यांच्या रेषेत डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हं. आता उडतंय."

आता प्रश्न घेऊ या.